दारातलं गणित

दिवाळीत दारव्ह्याला गेलो तेव्हा चहा पिता पिता बाबा म्हणाले, "धुऱ्यावरचे साग इकतो म्हणतो. विहिरीचं काम अडलं हाय."

झालं! आमच्यातला पर्यावरणवादी जागा झाला. जंगलतोड, कार्बन, तापमानवाढ.. पंधरा मिनिटं भाषण ठोकलं. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि घराच्या दाराकडे बोट दाखवलं.

"मंग हे कशाचं हाय? तुह्या आजानं साग तोडला तवाच झालं न?"

आता आली का पंचाईत! कागद-पेन घेऊन बसलो. वाळक्या लाकडात साधारण निम्मं वजन कार्बनचं असतं. दार-चौकट मिळून 50 किलो धरू, म्हणजे 25 किलो कार्बन. जाळलं तर 3.67 पट, म्हणजे सुमारे 92 किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो निघतो. म्हणजे हे झालं 40 लिटर पेट्रोल. पुण्याहून गाडी घेऊन यायला मला जवळपास तेवढंच लागलं होतं! आजोबांच्या दाराने इतकी वर्षं धरून ठेवला तेवढा कार्बन मी एका दिवसात हवेत सोडून आलो होतो.

मग जंगलतोडीत वाईट काय? तर तिथे नुसतं खोड जात नाही. फांद्या आणि मुळं जळतात नाहीतर कुजतात, नांगरलेल्या मातीतलाही कार्बन उडतो आणि तो परत ओढून घ्यायला झाडच उरत नाही. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा आपल्या वऱ्हाडातली कितीतरी रानं नांगराखाली गेली. जगभर असंच झालं. 1850 पासून माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा जंगलं तोडून जमीन वापरल्याचा आहे. आज तो वाटा दहाव्या हिश्श्याच्या आसपास आलाय, कारण कोळसा आणि तेल प्रचंड वाढलं. (त्यात माझे 40 लिटर.)

संध्याकाळी बाबांना म्हटलं, "विका तुम्ही. फक्त बुडखे खोदू नका, सागाला फुटवे येतात."

"हे तू मले शिकवतं का? ज्याचं दार केलं, त्याच बुडख्याचा साग हाय तो कोपऱ्यातला."

असो. तोडीच्या परवानगीचा अर्ज मात्र मीच टाइप करून दिला. कोपऱ्यातला तेवढा त्यात धरला नाही.