तारीख आणि क्षण

जावास्क्रिप्टमधील ‘डेट’ हा प्रकार आतून एकच संख्या, म्हणजे १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून लोटलेले मिलिसेकंद, साठवतो, आणि दोन संख्यांतील मोठी कोणती हे सांगायला कसब लागत नाही. कसब लागते ते हाती आलेले मूल्य नेमका क्षण आहे की कॅलेंडरवरचा नुसता दिवस, हे तुलनेआधी ओळखण्यात.

पुण्यातील ब्राउझरमध्ये जन्मतारीख म्हणून निवडलेला १५ ऑगस्ट स्थानिक मध्यरात्र समजला गेला, की यूटीसीत तो १४ ऑगस्टच्या सायंकाळचे साडेसहा होतो, आणि पुढे कोणी वेळेचा भाग छाटून टाकला की माणूस एका दिवसाने थोरला ठरतो. उलट ‘२०२५-०८-१५’ एवढाच मजकूर वाचायला दिला तर हीच भाषा त्याला यूटीसी मध्यरात्र मानते, म्हणजे भारतात पहाटेचे साडेपाच. मात्र त्यालाच वेळ जोडून टाइमझोन वगळला तर ती स्थानिक वेळ धरते.

‘सगळे यूटीसीत ठेवा’ असे बजावणाऱ्यांचा पंथ इथे तोकडा पडतो. सर्व्हरच्या नोंदींना तो नियम चोख लागू पडतो, पण जन्मतारखेला टाइमझोन नसतोच, आणि पुढच्या वर्षीची बैठक ज्या स्थानिक घड्याळाशी बांधलेली असते ते सरकारे बदलू शकतात; सामोआने तर २०११ साली ३० डिसेंबर हा दिवसच गाळला.

‘टेम्पोरल’ या नव्या व्यवस्थेने, जी फायरफॉक्समध्ये २०२५ साली आली, क्षणासाठी ‘इन्स्टंट’ आणि निव्वळ दिवसासाठी ‘प्लेनडेट’ असे वेगळे प्रकार दिले. एकाच प्रकारच्या दोन मूल्यांमध्येही लहान-मोठ्याचे चिन्ह टाकले तर ती सरळ त्रुटी दाखवते आणि तुलनेची स्वतंत्र क्रिया वापरायला लावते. नवशिक्याची यात सोय झाली असली, तरी मुरलेल्या प्रोग्रामरला ती थोडी खुपतेच, कारण साडेपाच तासांचा फरक दिसताच बगचे मूळ सांगण्यात त्याचा तोरा होता. त्यामुळे ‘अर्जाची अंतिम तारीख ३१ जुलै’ या वाक्यातील मध्यरात्र अर्जदाराच्या गावची की कार्यालयाच्या गावची, हे कोणताही प्रकार ठरवू शकत नाही, असे तो प्रत्येक बैठकीत आवर्जून सांगतो. त्यात तथ्य असतेच, पण आपली गरज अजून संपलेली नाही हे ऐकवण्याची हौसही असते.