लाकूड कुणाचं?

धारहून मांडूकडे निघालं की विंध्याच्या कडेला पोचता पोचता गोरखचिंचा दिसू लागतात. उन्हाळ्यात पार बोडक्या, राखाडी, बुंध्याशी इतक्या फुगलेल्या की झाडापेक्षा ती एखादी पडकी गढी वाटावी. ही झाडं मूळची आफ्रिकेची. मांडूवर खिलजी सुलतानांचं राज्य होतं त्या पंधराव्या शतकात त्यांचं बी इकडे आलं, असं परंपरा सांगते. इथले लोक त्यांना खुरासानी इमली म्हणतात. खुरासानचा त्यांच्याशी काही संबंध नाही, पण नाव रुळलं ते रुळलं. पुढे सुलतान गेले, मोगल आले, पवारांनी धारला गादी मांडली, इंग्रजांची छावणी पडली. या सगळ्या काळात वाड्यांना तुळया लागल्या, चुन्याच्या भट्ट्यांना सरपण लागलं, माळव्याच्या जंगलातला साग आणि शिसव गाड्यांवर चढून गेला. गोरखचिंच मात्र जागच्या जागी राहिली. तिला कुणी पवित्र मानून राखली असं म्हणायला फारसा आधार नाही. कारण साधं आहे: तिचं लाकूड कुणाच्या कामाचं नाही. ते स्पंजासारखं, तंतूंचं, पाण्यानं भरलेलं. तुळई होत नाही, फळी निघत नाही, चुलीत घातलं तर धूर तेवढा होतो. ज्या झाडाच्या तोडणीत कुणालाच पैसा दिसला नाही, ते झाड म्हातारं होऊ शकलं.

मग गिऱ्हाईक आलं. त्याला लाकूड नको होतं, अख्खं झाड हवं होतं. काही वर्षांपूर्वी या भागातल्या गोरखचिंचा मुळांसकट उकरून, फांद्या छाटून, लांबलचक ट्रेलरवर आडव्या घालून हैदराबादकडच्या एका खासगी उद्यानासाठी रवाना होऊ लागल्या. शेतात उभ्या असलेल्या झाडाच्या मालकाला चार पैसे मिळाले, सरकारी परवानगीचे कागद झाले. २०२२ मध्ये स्थानिकांनी विरोध सुरू केला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत गेलं. शेतकऱ्याला बोल लावणं सोपं आहे, पण वर्षाकाठी गोरखचिंचेच्या बोंडांतून जे हाती पडतं त्याच्यासमोर रोख रकमेचं गाठोडं ठेवलं तर काय होणार हे समजायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. मला या प्रकरणातून घ्यायचं आहे ते एवढंच: ते तोडल्यावर कुणाच्या पदरात काय पडतं, यावरच झाडाचं भवितव्य ठरतं. आणि हा नियम मांडूच्या पठारापुरता नाही. धारच्या जुन्या वाड्यातल्या परसाला आणि देवासच्या नव्या वसाहतीतल्या कुंपणालाही तो तितकाच लागू आहे.

कारण आपल्याकडे झाड छाटायला माणूस बोलावण्याची रूढ रीत अशी. अंगणातल्या कडुनिंबाची फांदी गच्चीवर आली, किंवा वीज कंपनीची पावसाळ्याआधीची तोड घराच्या दिशेनं नीट झाली नाही, की मुकादमाला निरोप जातो. तो येतो, मान वर करून पाहतो आणि भाव सांगतो. घासाघीस होते आणि शेवटी तोडगा निघतो: पैसे कमी घेतो, लाकूड माझं. दोघंही खूश. घरमालकाला वाटतं आपण स्वस्तात काम करून घेतलं. प्रत्यक्षात त्यानं एक विलक्षण करार केलेला असतो. ज्या माणसाला किती तोडायचं हे ठरवायचं आहे, त्याची कमाई तो किती तोडतो यावर बांधून दिली. बारीक वाळक्या काटक्यांना टालवर कोण विचारतो? भाव येतो तो मांडीएवढ्या जाड, निरोगी, सरळ फांदीला. म्हणजे जी राहायला हवी तीच आधी जाते, आणि मेलेली, किडलेली, उद्याच्या वादळात डोक्यावर पडणारी फांदी वरच राहते, कारण तिथवर चढण्याची मेहनत भरून निघत नाही. मुकादम लबाड असतो म्हणून हे होतं असं नाही. तो प्रामाणिक असला तरी करारच त्याला तसं करायला लावतो.

छाटणी म्हणजे नुसती कमी करण्याची कला नव्हे, हे विज्ञानानं गेल्या अर्धशतकात नीट दाखवून दिलं आहे. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो ओंडके उभे चिरून पाहिले आणि एक जुनी समजूत मोडली. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड त्या जागेभोवती आतून भिंती घालतं, सडका भाग कोंडून टाकतं आणि पुढे नवं लाकूड वाढवत राहतं. त्या भिंती घालण्याची ताकद फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्यात असते. म्हणून काप त्या कड्याच्या जरा बाहेर घ्यायचा. खोडाशी सपाट घेतला तर कडंच जातं, लांब खुंट ठेवला तर तो सडतो. जड फांदी आधी खालून थोडी कापायची, मग पुढे वरून, आणि उरलेला तुकडा शेवटी. नाहीतर तिच्या भारानं खोडाची साल खालपर्यंत सोलत जाते. वर डांबर फासून सड थांबत नाही, हेही शायगो यांनी दाखवलं. आणि शेंडाच उडवला तर काही महिन्यांत तिथून धुमाऱ्यांचा झुपका फुटतो. झाड हिरवंगार झाल्याचं आपल्याला समाधान वाटतं, पण त्या फांद्या सालीच्या जवळच रुजलेल्या असतात आणि जोराच्या वाऱ्यात त्याच आधी तुटतात. वाईट छाटणी अशी पुढच्या छाटणीचं काम जन्माला घालते. ठेकेदाराला त्यात तोटा नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा येईल. जाणकाराला बोलावणं महाग पडतं, मुकादमाचं पोट त्याच लाकडावर आहे, आणि अर्धा पगार झाडावर घालवण्याची चैन मध्यमवर्गाला परवडत नाही. यातलं पोटाचं म्हणणं मला सर्वांत वजनदार वाटतं. पण लाकूड मजुरीत धरण्याची पद्धत त्या माणसाच्या भल्याची आहे का? नायलॉनच्या दोरीचा एक वेढा कमरेला घेऊन, हेल्मेटशिवाय, विजेच्या तारेपासून हातभर अंतरावर तो चढतो, ते त्याच्या श्रमाला रोख मोल नाही म्हणूनच. त्याला दिवसाचे पूर्ण पैसे द्यावेत, पट्टा आणि दोरखंड यांचा खर्च त्यात धरावा, आणि लाकूड घरमालकानं स्वतंत्रपणे विकावं किंवा कुणाला द्यावं. कमरेएवढ्या ओंडक्याचे जे पैसे येतील ते आपले असतील, तर तो ओंडका पाडावा का हे ठरवताना आपल्यालाही मोह पडेल, हा धोका मात्र आहे: मग लोभ आपल्याकडे येतो. तरीही परसाचा मालक त्या झाडाखाली राहतो, टालवाला राहत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. म्हातारं झाड पडेल, घराला धोका आहे, आता तोडूनच टाका. असं झाड असतंच, आणि ते पाडायलाही हवं. पण ते का कलतं ते आधी पाहावं. मुळं गटाराच्या खोदाईत तोडलेली असतात, बुंध्याला सिमेंटनं गळ्यापर्यंत आवळलेलं असतं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचा एक मीटरचा भाग सिमेंटमुक्त करण्याचा आदेश दिला तो उगाच नव्हे. माळव्याच्या काळ्या मातीत तर आणखी एक गोम आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मोठं झाड वर्षानुवर्षं तिच्यातलं पाणी ओढत असतं; ते एकदम काढलं तर ती माती पुन्हा पाणी पिऊन फुगते आणि जमीन वर येते. पाया वाचवायला झाड पाडलं आणि फरशी उचलली गेली, असंही होऊ शकतं. लंडनच्या चिकणमातीवर घरांचा विमा उतरवणाऱ्यांना हा हिशेब चांगला माहीत असतो.

उरला कायद्याचा मुद्दा. महाराष्ट्रात १९७५ पासून आणि मध्य प्रदेशात शहरी भागासाठी २००१ पासून वृक्षसंरक्षणाचे कायदे आहेत. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसावृक्षाचा दर्जाही दिला. हे चांगलंच आहे, पण परवानगीच्या कागदावर झाडं किती हे लिहिलेलं असतं, काप कुठून घ्यायचा हे क्वचितच. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं २०२१ च्या सुमारास एका झाडाचं वार्षिक मोल ७४,५०० रुपये ठरवलं. त्यातला मोठा वाटा प्राणवायूचा आहे आणि तो हिशेब मला जरा ओढूनताणून केल्यासारखा वाटतो. पण एवढ्या मोलाच्या वस्तूचा न्याय सरपणाच्या भावानं करू नये, इतकं तर त्यातून कळतं. संस्थानी काळात देवासात एकाच शहरात थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन राज्यं नांदत होती. तिथे एका पातीतल्या झाडाची सावली दुसरीत पडली तर फांदी कुणी तोडायची, हा वाद किती रंगत असेल! आज तसा वाद शेजाऱ्यांत होतो आणि तडजोड म्हणून दोन्ही बाजूंनी झाड सोलून निघतं.

म्हणून माणूस निवडताना त्याच्याकडे कोणतं यंत्र आहे हे विचारू नये. काय तोडणार याआधी काय ठेवणार ते विचारावं, काप कड्याच्या कुठे घेणार ते फांदीवर बोट ठेवून दाखवायला सांगावं, पाखरांची घरटी वर असताना म्हणजे वैशाख-ज्येष्ठात काम निघालं तर ते पुढे ढकलतो का ते पाहावं. आणि त्यानं झाड पाहून ‘यंदा काही करायला नको’ असं सांगितलं, तर त्या फेरीचे पैसे त्याला द्यावेत.