काचेतला दर्या

आमचे घर कोळ्यांचे. मासा जाळ्यात येतो, टोपलीत जातो, बाजारात विकला जातो. तो हौसेने पाळतातही, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. फीची सोय म्हणून शहरातल्या एका गृहस्थांकडे खाऱ्या पाण्याच्या पेटीची देखभाल मी पत्करली. २०० लिटरची पेटी, तळाशी खडक, आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले चार मासे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ राखलेले, त्यामुळे ते तेवढे तिथे नव्हते.

पावसाळ्यात खडकांवर शेवाळ माजले. साहेबांनी परीक्षानळीत पाणी घेऊन थेंब टाकले. रंग लालभडक! नायट्रेट लिटरला ८० मिलिग्रॅम. "कामवाल्या बाईंनीच काहीतरी टाकले असणार," ते म्हणाले. मावशी खाली मान घालून फरशी पुसत राहिल्या.

मी मात्र हादरलो. चिमूटभर खाद्याऐवजी रोज मूठभर मीच टाकीत होतो. कुणाला उपाशी ठेवू नये, हा आमच्या घरचा संस्कार! पण उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजून अमोनिया होतो, जीवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते पाण्यात साठत जाते. पाणी वरून नितळच दिसते.

रात्री आईला सांगितले. ती म्हणाली, "दर्या मोठा हाय, तो सगला पचवतो. तुज्या पेटीला कसा पचल? आन् त्या बाईचा काय गुन्हा?"

दुसऱ्या दिवशी साहेबांना खरे सांगितले. काम सुटले तर पुढच्या सत्राची फी कुठून, हे गणित डोक्यात होतेच. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चूक तुझी, तर पाणीही तूच बदल."

तेव्हापासून दर रविवारी ५० लिटर शुद्ध पाण्यात सुमारे पावणेदोन किलो समुद्री मीठ विरघळवून पेटीतले चौथाई पाणी मी बदलू लागलो. खाद्य चिमटीवर आणले. ८० चे ६०, ६० चे ४५, मग ३४ च्या आसपास. घाई करून चालत नाही. पाणी एकदम पालटले तर माशांना सोसत नाही.

साहेब मावशींना काहीच बोलले नाहीत. शेवटी मीच त्यांच्याजवळ चूक कबूल केली. फडके पिळीत त्या म्हणाल्या, "मासं जगलं ना? मग झालं."

नळीतला रंग आता फिकट झाला आहे. मावशींची ती खाली गेलेली मान मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.