नॉर्थोल्टचा गरुड

लंडनहून ऑक्सफर्डकडे जाणारा ए-४० रस्ता शहर सोडण्यापूर्वी साऊथ रायस्लिपला एका पांढऱ्या स्तंभाजवळून जातो. स्तंभाच्या टोकावर ब्राँझचा गरुड. जवळच नॉर्थोल्टचा लष्करी विमानतळ. या चौकालाच ‘पोलिश वॉर मेमोरियल’ म्हणतात. इंग्लंडच्या भररस्त्यात पोलंडचे स्मारक कसे?

१९३९ मध्ये जर्मनी आणि रशियाने पोलंड वाटून घेतला. तिथले वैमानिक रुमानिया, फ्रान्स अशी मजल-दरमजल करीत इंग्लंडला पोचले. ऑगस्ट १९४० मध्ये नॉर्थोल्टवर त्यांची ३०३ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. तिचे नाव ‘कोश्चुश्को’.

हा तादेउश कोश्चुश्को अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला पोलिश सेनानी. १७९४ मध्ये तो मायदेशी रशियाविरुद्ध उठला, तेव्हा शेतकरी गवत कापायचे लांब कोयते घेऊन त्याच्यामागे आले आणि रात्स्लावित्सेच्या लढाईत त्यांनी रशियन तोफा हिसकावल्या. पुढे १९१९ मध्ये मेरियन कूपर आणि काही अमेरिकन वैमानिक पोलंडसाठी लढायला आले. जुने ऋण फेडायचे म्हणून त्यांनी आपल्या तुकडीला कोश्चुश्कोचे नाव दिले. (‘किंगकाँग’ चित्रपट काढणारा कूपर तो हाच!) त्यांच्या बिल्ल्यावर अमेरिकेचे तेरा तारे आणि पट्टे, त्यावर दोन कोयते आणि चौकोनी लाल टोपी. तोच बिल्ला ३०३च्या हरिकेन विमानांवर आला.

रेडिओवरचे नाव मात्र वेगळे: ‘अपॅनी’. त्याला अर्थ असा काही नव्हता. शत्रूला थांगपत्ता लागू नये, एवढाच हेतू. आपल्या कानाला मात्र तो हिंदीतला ‘अपनी’च वाटावा. इंग्रजी येत नाही म्हणून या कसलेल्या वैमानिकांना तीनचाकी सायकलींवर बसवून मैदानात रेडिओचे हुकूम गिरवायला लावले होते. त्यांना त्याचा किती संताप आला असेल!

३० ऑगस्टला सराव चालू असताना लुडविक पाश्केविचला जर्मन विमाने दिसली. त्याने रेडिओवरून सांगितले. उत्तर आले नाही. तो एकटाच रांग सोडून गेला आणि एक विमान पाडून आला. शिस्तभंगाबद्दल बोलणी बसली, शाबासकीही मिळाली. दुसऱ्याच दिवशी स्क्वाड्रन लढाईत उतरली. त्या मोसमात तिच्या नावावर १२६ विमाने लागली. नंतरच्या तपासात आकडा बराच उतरला, तरी ती आघाडीच्या तुकड्यांतच राहिली. पाश्केविच २७ सप्टेंबरला पडला.

युद्ध जिंकले, पण पोलंड रशियाच्या पंखाखाली गेला. १९४६ च्या लंडनमधील विजयसंचलनात पोलिश सैन्याला स्थान नव्हते. ३०३च्या काही वैमानिकांना तेवढे बोलावणे होते. ते गेले नाहीत. त्याच वर्षी स्क्वाड्रन मोडली. परतायला देश उरला नव्हता, म्हणून पुष्कळजण इंग्लंडमध्येच राहिले.

या वाताहतीची एक खूण कोल्हापूरजवळ वळिवड्यालाही आहे. रशियातून सुटलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी तिथे होती, त्यात बहुतेक बायका-मुले. १९४८ मध्ये ती रिकामी झाली. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला नॉर्थोल्टच्या गरुडाचे अनावरण झाले.