बंगल्याचे फ्लॅट आणि स्टेडियमचं मैदान

व्हर्च्युअलायझेशन शिकवताना बहुतेक जण घराचं उदाहरण घेतात. जबलपूरच्या राइट टाउनात तर ते आयतंच मिळतं: जुना बंगला, त्यात पाडलेले फ्लॅट, प्रत्येकाचं दार आणि कुलूप वेगळं. तसेच एका संगणकात चार संगणक, झालं! रॅमपुरतं हे बसतं. 8 जीबीच्या मशिनवर आतल्या संगणकाला, म्हणजे गेस्टला, 4 दिले, की मूळ मशिनला, म्हणजे होस्टला, तेवढे कमी. पण 4 कोअरच्या त्याच मशिनवर 2-2 कोअरच्या तीन व्हीएम (असे आतले संगणक) बिनतक्रार सुरू होतात, आणि फ्लॅटचं गणित शिकलेला विद्यार्थी अडतो: चाराचे सहा झाले कसे?

उत्तर राइट टाउनच्याच स्टेडियममध्ये आहे. मैदान भिंती घालून वाटायचं नसतं. सकाळी फिरणारे, मग शाळेची कवायत, संध्याकाळी क्रिकेट. ज्याची पाळी, त्याचं अख्खं मैदान. प्रोसेसर असाच पाळीनं मिळतो, फक्त पाळी मिलिसेकंदांची, म्हणून प्रत्येक गेस्टला आपण एकटेच आहोत असं वाटतं. पाळ्या लावतो हायपरवायझर, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर. गेस्टनं हार्डवेअरच्या मुळाशी हात घालणारी आज्ञा दिली, की प्रोसेसर ती अडवून त्याच्याकडे सोपवतो. आयबीएमनं 1972 साली व्हीएम/370 आणलं तेव्हाही मूळ युक्ती हीच होती. इंटेल आणि एएमडीच्या साध्या प्रोसेसरांत तिच्यासाठी खास सोय यायला 2005-06 उजाडलं. डिस्कचा न्याय आणखी निराळा. व्हर्च्युअलबॉक्स या हायपरवायझरचं फोल्डर उघडून दाखवावं: गेस्ट जिला 50 जीबीची डिस्क समजतो, ती इथे नुसती एक व्हीडीआय फाइल, माल साठेल तशी फुगणारी.

नवशिक्याला एवढं कशाला, नेक्स्ट-नेक्स्ट दाबत जाऊ दे की, असं कोणी म्हणेल. दाबू दे, व्हीएम सुरू होईलही. पण ती रखडली, की तो रॅम वाढवत सुटेल आणि शेवटी होस्टच गुदमरेल, कारण तोटा जागेचा की पाळीचा हे त्याला ओळखता येणार नाही. दोन उपमांनी घोळ होतो हा आक्षेप मात्र खरा आहे. तरी मैदान सोडवत नाही. जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरांतली त्रुटी उघड झाली, तेव्हा गुगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधकांच्या गटानं केव्हीएम या हायपरवायझरच्या गेस्टमधून होस्टची मेमरी वाचून दाखवली होती, तीही प्रोसेसरच्या कॅशमध्ये उरलेल्या खुणांवरून. फ्लॅटच्या भिंतीकडे कितीही पाहिलं तरी हे उमगत नाही. मैदानाच्या मातीत मात्र स्पाइक्सच्या खुणा राहतात, आणि मागच्या पाळीत कोण कुठून धावलं ते पुढच्याला दिसतं.