ठळक आणि तिरकं

आमच्या नांदगावच्या खंडेश्वर मंदिराचा शके ११७७ चा एक कोरीव लेख आहे. यादव राजा कृष्णाच्या काळातला. देवाच्या फुलांसाठी काही गद्याण नाणी दान दिली, एवढीच बाब. छिन्नीला राजा काय नि फूल काय, सारखंच. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर दगडात तो द्यायचा कसा? पोथी लिहिणाऱ्यांनी मात्र हिंगुळाची लाल शाई काढली. दंड, ओव्यांचे आकडे, अध्यायाची समाप्ती लालेलाल.

आता शाई नाही, खुणा आहेत. मराठी विकिपीडियावर गावाचं नाव ठळक करायचं तर त्याच्या अलीकडं-पलीकडं तीन-तीन अपॉस्ट्रॉफी द्यायच्या. दोन दिल्या की अक्षर तिरकं. पण इनस्क्रिप्ट कळफलकावर त्या कळीत 'ट' बसलेला. कळफलक इंग्रजीवर न नेता हात चालवला की पडद्यावर उमटतं, 'टटटनांदगाव खंडेश्वरटटट'. वऱ्हाडी माणूस टाळूला जीभ लावून बैल हाकतोय जसा!

ठळकाचं जमतं तरी. तिरक्याशी मात्र माझं कधी पटलं नाही. रोमन लिपीला तिरकं अक्षर शोभतं, कारण ते हातच्या लिखाणातून आलं. १५०१ च्या सुमारास व्हेनिसात आल्डुस मानुतियुसनं अख्खी पुस्तकं त्यात छापली. आपल्याकडं तसं वेगळं वळण फाँटात बहुधा नसतंच. मग संगणक उभ्या अक्षरालाच ढकलतो. काने एका अंगाला कलतात, शिरोरेषा जागची हलत नाही, आणि शब्द वादळानंतरच्या तुरीगत दिसतो.

बाकीच्या युक्त्याही रोमनच्याच मापाच्या. कॅपिटल अक्षरं आपल्यात नाहीत. अक्षरांत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. अधोरेखा ओढली की ती उकार-ऋकारांच्या पोटातून जाते. उरलं ठळक, तर बारीक टायपात 'ष्ठ', 'क्ष' यांची पोटं बुजतात.

म्हणून मराठी वेबपानाच्या स्टाइलशीटमध्ये मी जोर दाखवणाऱ्या 'एम' या एचटीएमएल खुणेचं तिरकेपण आधी काढून टाकतो आणि अक्षराचं वजन थोडं वाढवतो, सहाशेपर्यंत. सातशे मला भडक वाटतं. खूण तशीच ठेवतो, कारण ती जोर कुठं आहे ते सांगते; तो दिसावा कसा, हे लिपी बघून ठरवावं. पुष्कळदा तीही लागत नाही. 'मी येतो' आणि 'मीच येतो' यांतला फरक सांगायला कोणता फाँट हवा?