तिप्पट कापड

आमच्या वर्ध्याला साधेपणाची हवा आहे. ती काहींना मानवते, काहींना बाधते. १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला गेले, १९४० मध्ये शेगावचे सेवाग्राम झाले, आणि इथल्या खादीधारी घरांत झालर, लेस, फुग्याच्या बाह्या हे शब्द जरा दबक्या आवाजातच उच्चारले जाऊ लागले. अशाच एका घरातली मी. आणि मला छंद कसला, तर लहान मुलींच्या फ्रॉकवर हाताने स्मॉकिंग करण्याचा!

दुकानात छातीवर रबरी दोऱ्याने आकसलेले फ्रॉक मिळतात आणि विक्रेता त्यालाही बेधडक स्मॉकिंग म्हणतो. ते हे नव्हे. खऱ्या स्मॉकिंगला आधी कापडाच्या उलट बाजूवर पेन्सिलीने ठिपक्यांच्या ओळी काढाव्या लागतात, थेट रांगोळीसारख्या. प्रत्येक ठिपक्याशी सुईने चिमूटभर कापड उचलत धावदोरा घालायचा. सगळे दोरे एकदम ओढले की कापड पेटीच्या भात्यासारखे चुण्याचुण्यांनी उभे राहते. मग सुलट बाजूने, चुण्यांच्या माथ्यावर खरे टाके. पहिली ओळ देठटाक्याची. तिच्याखाली मधपोळे: दोन चुण्या बांधायच्या, पुढल्या ओळीत त्यांची जोडी मोडून प्रत्येकीला दुसऱ्या शेजारणीशी बांधायचे. शेवटी कच्चे दोरे काढून टाकले तरी टाक्यांनी धरलेल्या चुण्या सुटत नाहीत. आणि गंमत अशी की ताणल्या तर ताणल्या जातात. पोर धावते, पोटभर जेवते, चार महिन्यांत इंचभर वाढते. फ्रॉक कुरकुर करत नाही. मात्र दहा इंचांच्या छातीला तीस इंच कापड घालावे लागते.

हा नखरा आहे असे आमच्याकडे सर्वांचे मत. वास्तविक ही कामकऱ्यांची विद्या. इंग्लंडातले मेंढपाळ नि गाडीवान असे चुण्यांचे झगे घालून राबत, कारण रबर नसलेल्या काळात हात मोकळा फिरवायला दुसरी सोय नव्हती. हार्डीच्या १८७४ सालच्या कादंबरीतला गेब्रियल ओक मेंढपाळाची नोकरी मिळावी म्हणून अंगावरचा ओव्हरकोट देऊन तसला झगा घेतो. पुढे यंत्रांत अडकण्याच्या भीतीने ते झगे मागे पडले आणि त्यांच्या चुण्या पोरांच्या कपड्यांवर येऊन बसल्या. श्रमाची पूजा करणाऱ्या गावात श्रमिकाच्या वस्त्रालाच नखरा म्हणावे, याला काय म्हणावे!

पण यंदा प्रश्न मताचा नव्हता, कापडाचा होता. बाबा रोज पहाटे पेटीचरख्यावर सूत काढत. शेवटच्या वर्षीच्या गुंड्या त्यांनी ओळखीच्या विणकराकडून विणून घेतल्या होत्या. साडेतीन मीटर पांढरे कापड झाले. बाबा गेल्यापासून दोन वर्षे ते कडुनिंबाचा पाला घालून आईच्या ट्रंकेत होते. भावाच्या मुलीला दिवाळीला फ्रॉक शिवायचा तर तो त्याच कापडाचा, असे माझ्या मनाने घेतले. बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा. अंगावर घालण्याचाही असावा.

आई म्हणाली, "तीस इंच घ्यायचं आन् दहा इंच करायचं? काहून बाई? त्यांनी एकेक तार मोजून काढला होता."

यावर मला उत्तर सुचेना. दिवसभर वर्गात शब्दांचा रतीब घालणारी मी. पण आईचे खरेच होते. गिरणीच्या कापडाचा मीटर म्हणजे पैसे, या कापडाचा मीटर म्हणजे बाबांच्या पहाटा. अखेर एवढेच म्हटले, "चुण्यांत कापड कापलं जात नाही, आई. टाके उसवले की तीसचे तीस इंच परत." ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तेव्हा ते साडेतीन मीटर माझ्या पलंगावर होते, आणि त्यातला कडुनिंबाचा पाला नीट झटकलेला होता.

त्या कापडाने मला फार छळले. शेवटी शेवटी बाबांचा हात थरथरे. सूत कुठे जाड, कुठे इतके बारीक की उजेड दिसावा. गिरणीच्या कापडावर ठिपके चुकवता तार मोजून धावदोरा घालता येतो, इथे ती सोय नव्हती. जाड सूत आले की चुणी फुगायची, बारीक आले की मान टाकायची. एक ओळ मी तीनदा उसवली. मग नाद सोडला आणि चुण्या जशा आल्या तशा बांधल्या.

दोरा मी पांढराच काढला होता. घराच्या रीतीला धरून. आईने शेजारी बसून बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "लेकराचं आहे ना? लाल घे." जन्मभर पांढरे नेसलेल्या बाईचा हा निकाल मी तत्काळ मान्य केला.

परवा काम संपले. कच्चे दोरे मी कात्रीने तोडणार तोच आईने कापड माझ्या हातातून घेतले. गाठ सोडून एकेक दोरा न तोडता अलगद ओढला, आणि आठही दोरे पोस्टकार्डाच्या तुकड्यावर गुंडाळून सुयांच्या डबीत ठेवून दिले. उरलेले दोन मीटर कापड मात्र ट्रंकेत गेलेले नाही.